चिचुंद्रीची जीभ: परवानगीच्या अर्जापासून व्हायव्हापर्यंत

पीएच.डी. मिळाल्याचं नोटिफिकेशन हातात पडून महिना झाला. विषय होता आपल्या घरात, गोठ्यात, धान्याच्या कोठारात फिरणाऱ्या चिचुंद्रीच्या जिभेचा पृष्ठभाग, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. सुरुवात केली तेव्हा तालुक्याच्या कॉलेजात बसून हे काम कसं उभं करायचं, हे सांगणारं मराठीत काहीच सापडलं नव्हतं. शोधनिबंधांत पद्धत दोन परिच्छेदांत उरकलेली असते. परवानगीला किती महिने जातात, अल्कोहोल मिळत नसेल तर काय वापरायचं, भर उन्हाळ्यात मेण कापायचं कसं, हे त्यात नसतं. आठवतंय तोवर लिहून ठेवते.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. २०२१च्या अखेरीस पेट, म्हणजे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा, पास झाले, कोर्सवर्क झालं, मग विषय निवडायची वेळ आली. माझ्या गाईड मॅडमचा आग्रह एकच होता: प्राणी असा घे, जो तुला दाराशी मिळेल. चिचुंद्रीशिवाय दुसरं नाव डोक्यात आलंच नाही. लिनियसनं १७६६ मध्ये तिचं वर्णन केलं, आज तिचं शास्त्रीय नाव सुन्कस म्युरिनस. लोक तिला उंदीर समजून मारतात, पण उंदराशी तिचं नातं लांबचं आहे. तिचे दात ३०, कुरतडायचे नव्हेत, किडे पकडून चिरडायचे. पुढचा वरचा दात आकडीसारखा वळलेला. आवडतं खाणं झुरळं, रातकिडे, गांडुळं. पूर्वी अशा सगळ्या कीटकभक्षी सस्तन प्राण्यांना 'इन्सेक्टिव्होरा' या एकाच गणात कोंबलेलं असायचं. डीएनएच्या अभ्यासानंतर तो गण मोडला. चिचुंद्री, मोल आणि हेजहॉग आता युलिपोटिफ्ला नावाच्या गणात आहेत, तर आफ्रिकेतले टेनरेक आणि गोल्डन मोल हत्तीच्या गोतावळ्यात जाऊन बसले.

जीभच का, हा प्रश्न मला आरआरसीत, म्हणजे विषयाला मान्यता देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीत, पहिलाच विचारला गेला. ती मीटिंग २०२२च्या जुलैत झाली. विद्यापीठात सकाळी दहाला बोलावलं होतं, नंबर दुपारी तीनला लागला. समितीतल्या एका सदस्यांनी विचारलं, "जपानात या प्राण्याच्या जिभेवर काम झालंय, युरोपात त्याच्या भाऊबंदांवर झालंय, तुम्ही नवीन काय करणार?" प्रश्न रास्त होता. जपानमध्ये ही चिचुंद्री प्रयोगशाळेत वाढवतात. उंदीर-घुशींना उलटी होत नाही, हिला होते, म्हणून उलटीवरच्या औषधांच्या संशोधनात १९८०च्या दशकापासून तिचा उपयोग आहे. तिच्या शरीररचनेवर तिकडे बरंच लिहिलं गेलं ते त्यामुळेच. मी सांगितलं की ते प्राणी पिंजऱ्यात तयार खाद्यावर वाढलेले असतात. मला आपल्याकडची, झुरळं खाणारी, मोकळी चिचुंद्री बघायची आहे, आणि एकाच जिभेचा अर्धा भाग मेणात बसवून त्याचे पातळ काप घेऊन व अर्धा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात घालून दोन्हीकडची चित्रं जुळवायची आहेत. सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, मंजूर झाला, पण एका अटीवर: प्राण्यांच्या परवानगीची कागदपत्रं पहिल्या सहामाही प्रगती अहवालाच्या आत जोडायची.

इथून माझा खरा घोर सुरू झाला. मी एम.एस्सी. झाले तोवर यूजीसीच्या २०१४च्या अधिसूचनेमुळे विच्छेदन अभ्यासक्रमातून गेलेलं होतं. कोणताही सस्तन प्राणी मी हातानं उघडलेला नव्हता. त्यात कायद्याचं दडपण. ज्यांना असं काम करायचंय त्यांच्यासाठी क्रम सांगते.

जिवंत प्राण्यावर प्रयोग करायचा किंवा त्यासाठी प्राणी मारायचा तर संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची, म्हणजे आयएईसीची, मंजुरी लागते. ही समिती प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या सीपीसीएसईए या समितीकडे (आता सीसीएसईए म्हणतात) नोंदलेल्या संस्थेतच असते. आमच्यासारख्या कला-वाणिज्य-विज्ञान कॉलेजात ती नसते. जवळच्या एखाद्या फार्मसी कॉलेजात चौकशी करा, त्यांच्याकडे बहुधा असते. अर्ज 'फॉर्म बी'वर करायचा. मला एकही प्राणी मारायचा नव्हता. मांजरानं मारून टाकलेल्या, सापळ्यात मेलेल्या, हौदात बुडालेल्या चिचुंद्र्याच घ्यायच्या होत्या. तरीही मी अर्ज केला. मॅडम म्हणाल्या होत्या, "उद्या पेपर पाठवशील तेव्हा जर्नल हेच पत्र मागेल," आणि तसंच झालं. समितीसमोर दहा मिनिटं बोलायला मिळाली. समितीवरच्या पशुवैद्य डॉक्टरांनी दोनच गोष्टी विचारल्या: मेलेला प्राणी किती वेळात हाती येणार, आणि सापळ्यात जिवंत सापडली तर काय करणार. जिवंत सापडलेली तिथल्या तिथे सोडणार, हे मी लेखी दिलं. मिटिंगचं इतिवृत्त आणि 'जिवंत प्राण्याचा वापर नाही' असं स्पष्ट लिहिलेलं पत्र हाती आलं ते दिवाळीनंतर.

दुसरं पत्र वनखात्याकडचं. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा, पण त्यातली २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि अनुसूच्या नव्यानं मांडल्या गेल्या. सीनियरच्या प्रबंधात जोडलेलं जुनं पत्र बघून 'आपल्यालाही हेच लागू' असं धरून चालू नका. आपल्या प्राण्याचं शास्त्रीय नाव घालून स्वतःच्या नावानं विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. वटवाघळांवर काम करणाऱ्यांना तर हे फारच गरजेचं आहे.

नमुने गोळा करायला २०२३चा पावसाळा धरला. बिळांत पाणी शिरलं की चिचुंद्र्या घरांकडे वळतात. बाजारपेठेतले किराणा दुकानदार, दोन पिठाच्या गिरण्या, एक शेती सेवा केंद्र, आणि आमच्या गल्लीतली मांजरं पाळणारी चार घरं, इतक्यांना सांगून ठेवलं होतं. मांजर चिचुंद्री मारतं पण कस्तुरीच्या वासामुळे खात नाही, त्यामुळे बऱ्याचदा अख्खी मिळते. किराणा दुकानदार काका पहिल्यांदा हसले, मग रोज सकाळी शटर उघडल्यावर स्वतःहून फोन करायला लागले. "मॅडम, आज आहे बघा एक, या लवकर."

लवकर जायचं कारण आहे. चिचुंद्रीच्या शरीराची भट्टी जोरात चालते, फार वेळ उपाशी राहिली तर ती सापळ्यातच मरू शकते. मेल्यावर तोंडातली लाळ आणि जिवाणू जिभेच्या वरच्या थराला लगेच भिडतात. काही तासांत त्या थराच्या पेशी सुटायला लागतात आणि पुढे कितीही महागडं यंत्र असलं तरी उपयोग होत नाही. म्हणून मी मेल्याची अंदाजे वेळ विचारून घ्यायचे, आणि रात्री उशिरा सापळा लावून पहाटे बघितलेल्या दुकानांतलेच नमुने शक्यतो घ्यायचे. वाटेत बर्फाचा थर्मास, पण प्राणी बर्फाला थेट टेकवायचा नाही, आणि फ्रीझरमध्ये तर ठेवायचाच नाही. गोठलं की पेशींत बर्फाचे स्फटिक होतात आणि ऊती आतून फाटतात.

हातमोजे आणि मास्क याबाबत तडजोड नको. चिचुंद्री लेप्टोस्पायरा हे रोगजंतू वाहू शकते, अंगावर पिसवा असतात. आमचे लॅबमधले मामा प्राणी आधी झिपच्या पिशवीत क्लोरोफॉर्मच्या बोळ्यासोबत थोडा वेळ बंद ठेवायचे, पिसवा मेल्या की मगच ट्रेवर काढायचे. हा त्यांचा शिरस्ता जुना, विच्छेदनं चालायची तेव्हापासूनचा. पहिल्या चिचुंद्रीचा जबडा कसा सोडवायचा हेही त्यांनीच दाखवलं. दोन्ही गालांच्या कोपऱ्यांतून बारीक कात्री मागे न्यायची, खालचा जबडा खाली पाडायचा, मग जीभ मुळापासून, घशाच्या अलीकडे, सोडवायची. माझे हात थरथरत होते. मामा शेजारी उभे राहून हळूहळू सांगत होते, "घाई नाय, मॅडम. शेंडा धरू नका चिमट्यानं, खालची बाजू धरा."

जीभ जेमतेम दोन सेंटिमीटरची. फिकट गुलाबी, अरुंद, टोकाकडे निमुळती. नुसत्या डोळ्यांना वरची बाजू मखमली दिसते. हातभिंगानं मागच्या भागात, मध्यरेषेच्या दोन बाजूंना, दोन बारीक गोल ठिपके दिसतात. हे व्हॅलेट पॅपिला, भोवती खंदक असलेले उंचवटे. माणसाच्या जिभेवर ते साधारण ८ ते १२ असतात आणि इंग्रजी 'व्ही'च्या आकारात मांडलेले असतात. हिच्याकडे फक्त दोन, आणि तेही डावीकडे एक, उजवीकडे एक. माझी अर्ध्या-अर्ध्या जिभेची योजना याच दोघांच्या भरवशावर होती: मध्यरेषेवर ब्लेडनं चिरलं की प्रत्येक भागाला एक व्हॅलेट मिळतो.

चिरण्याआधी धुणं. सगळ्या कामात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही पायरी, म्हणून जरा थांबून सांगते. जिभेवर लाळेचा चिकट थर असतो, त्यात रक्त, माती, झुरळाच्या पंखांचे तुकडे. हा थर न काढता जीभ फिक्सेटिव्हमध्ये, म्हणजे ऊती आहे तशी टिकवणाऱ्या रसायनात, टाकली तर तो जागच्या जागी घट्ट होतो आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात तुम्हाला जिभेऐवजी त्याच थराचं चित्र मिळतं. आम्ही नॉर्मल सलाईन थंड करून घ्यायचो, सुई काढलेल्या सिरिंजनं अगदी हलक्या धारेनं धुवायचो, नेहमी मुळाकडून शेंड्याकडे. हिच्या बारीक काट्यांची टोकं घशाकडे वळलेली असतात. धार अशी टोकांच्या विरुद्ध दिशेनं आली की काट्यांखाली दडलेला चिकटा वर येतो. ब्रश किंवा कापूस लावायचा नाही. धुतलेली जीभ काचेच्या तुकड्यावर ठेवून भिंगाखाली बघायची, धागे दिसले तर परत धुवायची.

मग शेंड्याला उजव्या बाजूला एक बारीक खाच, वहीत रेखाचित्र, आणि दोन बाटल्या. डावा भाग १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये एक दिवस. उजवा भाग २.५ टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये, फॉस्फेट बफरमध्ये बनवलेल्या, फ्रीजमध्ये ४ अंशांवर. ग्लुटराल्डिहाइड आत मुरायला फार वेळ घेतं, म्हणून तुकडे दोन-तीन मिलिमीटरचेच ठेवायचे. लेबल पेन्सिलीनं लिहून बाटलीच्या आत टाका. बाहेर बॉलपेननं लिहिलेलं अल्कोहोल सांडलं की पुसून जातं.

अल्कोहोलवरून आठवलं. ॲब्सोल्यूट अल्कोहोल विकत घ्यायला राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. आमच्या कॉलेजाचा परवाना नूतनीकरणाला गेलेला होता. मेणाच्या कामासाठी आम्ही आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरलं, ५०, ७०, ९०, १०० टक्के अशा चढत्या पायऱ्यांनी, आणि काम निर्वेध झालं. तुमच्याकडे परवाना नसेल तर त्यासाठी अडून राहू नका.

हिवाळ्यात मेणाचं काम. जिभेचा वरचा थर केराटिनमुळे कडक, आतला भाग तीन दिशांनी गुंफलेला पट्टकी स्नायू, म्हणजे एकाच तुकड्यात कडक आणि मऊ दोन्ही. झायलीनमध्ये जास्त वेळ राहिला तर स्नायू ठिसूळ होतो आणि कापताना चुरा पडतो. तुकडा पारदर्शक दिसू लागला की लगेच काढायचा. मेण ५८ ते ६० अंशांचं. ओव्हन रात्रभर चालू ठेवावा लागतो आणि आमच्याकडे लोडशेडिंग, म्हणून मॅडमनी विभागाच्या इन्व्हर्टरवरून एक वेगळा पॉइंट काढून घेतला. हे काम आधीच करून घ्या. इलेक्ट्रिशियनचे चारशे रुपये पडले.

मायक्रोटोमवर, म्हणजे काप घेण्याच्या यंत्रावर, पाच मायक्रॉनच्या कापांची सलग रिबन निघायला लागते तेव्हाचा आनंद सांगून कळणार नाही. पण कामाचा काही भाग मार्चपर्यंत लांबला आणि आमच्याकडे मार्चातच दुपारी ३८-३९ अंश होतात. मेण मऊ पडतं, रिबन गोळा होते, काप दाबले जातात. मग आम्ही सकाळी सहाला लॅब उघडायचो. ब्लॉक, म्हणजे ऊती बसवलेला मेणाचा ठोकळा, पंधरा मिनिटं बर्फावर ठेवायचा, आठ-दहा काप घ्यायचे, परत बर्फावर. डिस्पोजेबल पातं त्या वेळी दीडशेच्या आसपास मिळायचं. केराटिनमुळे धार लवकर जाते, तेव्हा प्रत्येक जिभेला एक नवं पातं धरूनच खर्चाचा अंदाज मांडा.

व्हॅलेटसाठी एकही काप टाकून द्यायचा नाही. खंदकाच्या तळाशी फॉन एब्नर या लाळग्रंथींच्या नळ्या उघडतात, आणि ती नळी नेमकी उघडताना दिसते ती मोजक्या कापांतच. मी स्लाईडवर हिऱ्याच्या पेननं क्रमांक कोरले. हिमॅटॉक्सिलिन या रंगानंतर निळेपणा यायला स्लाईड वाहत्या पाण्याखाली धरतात. आमच्या बोअरचं पाणी जड आणि क्षारयुक्त. भांड्याला पांढरे डाग पाडणारं हे पाणी या कामाला मात्र छान लागू पडलं, केंद्रकं स्वच्छ निळी उठली.

एका स्लाईडवर सगळं एकदम दिसलं तो दिवस लक्षात आहे. मध्ये व्हॅलेटचा घुमट, दोन्हीकडे खंदक, आणि खंदकाच्या भिंतीत फिकट रंगाच्या रुचिकलिका, म्हणजे चव ओळखणाऱ्या पेशींचे पुंजके, एकीशेजारी एक, कांद्याच्या उभ्या कापासारख्या. लोव्हेन आणि श्वाल्बे या दोघांनी १८६७ मध्ये स्वतंत्रपणे सस्तन प्राण्यांच्या रुचिकलिकांची ओळख पटवली, हे वर्गात मी दरवर्षी सांगते. तोपर्यंत त्या मी फक्त पुस्तकातल्या चित्रात बघितल्या होत्या. मी मामांना बोलावून दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "एवढ्याशा जनावराला पण चव कळती म्हणायची."

आता इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. आमच्या विद्यापीठातलं यंत्र तेव्हा दुरुस्तीला होतं. मुंबईतल्या एका उपकरण केंद्रात ऑनलाईन नोंदणी केली. नोंदणीला गाईडच्या सहीचं पत्र, विद्यार्थी असल्याचा दाखला, नमुना विषारी किंवा संसर्गजन्य नाही असं हमीपत्र. पैसे एनईएफटीनंच, आणि पावतीवर कॉलेजाचं नाव नसेल तर खर्च मंजूर होत नाही, हे भरण्याआधीच सांगावं लागतं. नोंदणीपासून स्लॉट मिळेपर्यंत दोन-अडीच महिने गेले. एका नमुन्याला हजार-बाराशे, सुकवण्याचे वेगळे, सोन्याच्या मुलाम्याचे वेगळे, सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणून आम्ही सुरुवातीला मोजकेच तुकडे नेले: शेंडा, मधला भाग, व्हॅलेट, आणि खालची बाजू.

सुकवणं समजून घ्या, कारण केंद्रातले लोक तुम्हाला कोणती पद्धत हवी हे विचारतात. ओली ऊती साधी वाळवली तर पाण्याच्या पृष्ठताणानं नाजूक भाग कोसळतात. क्रिटिकल पॉइंट ड्रायिंगमध्ये ऊतीतलं पाणी आधी ॲसिटोननं आणि मग द्रव कार्बन डायऑक्साइडनं बदलतात. सुमारे ३१ अंश आणि ७३ वातावरणांच्या दाबाला द्रव आणि वायू यांतला भेदच उरत नाही, त्यामुळे वायू बाहेर सोडला तरी पृष्ठताण येत नाही. एचएमडीएस नावाचं रसायन ही स्वस्त पर्यायी वाट आहे. आम्ही दोन्ही करून बघितलं. बारीक काट्यांच्या, म्हणजे फिलिफॉर्म पॅपिलांच्या, टोकांना एचएमडीएस पुरलं, पण व्हॅलेटच्या खंदकाच्या कडा क्रिटिकल पॉइंटमध्ये जास्त शाबूत राहिल्या. ऑस्मियम टेट्रॉक्साइड मात्र आम्ही टाळलं. त्याची वाफ डोळ्यांना इजा करते आणि आमच्याकडे वाफा बाहेर खेचणारं फ्यूम हूड नाही. पृष्ठभाग पाहायला त्याच्यावाचून अडलं नाही.

२०२४च्या ऑगस्टात रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेले, नमुने ॲसिटोनमध्ये, घट्ट झाकणाच्या बाटल्या डब्यात, डबा मांडीवर. यंत्र चालवणारे सर शांत आणि कामाला पक्के. स्टब नावाच्या धातूच्या छोट्या बैठकीवर कार्बन टेप, त्यावर तुकडा वरची बाजू वर करून. हे भिंगाखाली स्वतः करा, कारण सुकलेल्या तुकड्याची वरची आणि खालची बाजू सारखीच भासते. मग सोन्याचा मुलामा, मग निर्वात व्हायची वाट.

पडद्यावर पहिलं चित्र आलं ५० पटींत. वरची मखमल म्हणजे ओळीनं लागलेले फिलिफॉर्म पॅपिला, सगळ्यांची टोकं एकाच बाजूला, घशाकडे झुकलेली. २०० पटींत गेल्यावर टोकं एकेरी नसून फाटलेली, दातेरी दिसली. त्यांवर रुचिकलिका नसतात. त्यांचं काम पकडीचं, चिरडलेला किडा मागे सरकवायचं. मध्येमध्ये, मुख्यतः शेंड्याकडे आणि कडांना, गुळगुळीत घुमट: फंजिफॉर्म. सरांनी एका घुमटाच्या माथ्यावर हळूहळू मोठं करत नेलं आणि तिथे एक बारीक छिद्र उघडलेलं दिसलं, रुचिकलिकेचं तोंड. मी डाव्या अर्ध्या भागाच्या स्लाईडचा फोटो मोबाईलवर काढून शेजारी धरला. कापात जिथे रुचिकलिका वर उघडत होती, इथे तेच वरून दिसत होतं. या एका जुळणीसाठी सगळा आटापिटा होता.

काही तुकड्यांवर चिकट्याचा पापुद्रा तरीही राहिलेला होता, आणि एका ठिकाणी मुलामा नीट न बसल्यामुळे वीजभार साठून चित्रात पांढऱ्या रेघा येत होत्या. व्होल्टेज कमी केल्यावर रेघा कमी झाल्या. पापुद्र्याला त्या दिवशी इलाज नव्हता. पुढच्या खेपेच्या नमुन्यांना ग्लुटराल्डिहाइडनंतर बफरमध्ये मंद हलवत बराच वेळ ठेवलं आणि ते पुष्कळ स्वच्छ निघाले.

तिथे जाणाऱ्यांनी कोरी सीडी जवळ ठेवा. व्हायरसच्या भीतीनं बऱ्याच केंद्रांत पेन ड्राइव्ह लावू देत नाहीत. फाईल टिफमध्ये मागा, प्रत्येक चित्रावर स्केल बार आहे ना ते तिथेच तपासा, आणि कोणतं चित्र कोणत्या नमुन्याचं हे वहीत लगोलग लिहा. करड्या रंगाची ती सगळी चित्रं घरी आल्यावर एकसारखी दिसतात.

एकूण खर्च, प्रवासासकट, साठ हजारांच्या आत-बाहेर गेला. विद्यापीठाच्या एका छोट्या अनुदानातून त्यातला निम्मा भाग निघाला, उरलेला मी भरला. तासिकांचं मानधन वर्षातून दोनदा येतं हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. मुंबईचा स्लॉट मानधनाच्या महिन्यानंतरचाच मागायचा, असा हिशेब मी ठेवला होता.

लेखनाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत लिहिलं, साहित्यचोरीची तपासणी झाली, २०२५च्या पावसाळ्यात प्रबंध जमा केला. व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, ठरायला परीक्षकांचे अहवाल यावे लागतात, तो काळ सगळ्यांत जड गेला. विद्यापीठात आठवड्याला फोन करण्यापेक्षा ऑनलाईन स्थिती बघत राहिलेलं बरं.

व्हायव्हाला बाहेरच्या परीक्षकांनी दोन प्रश्नांवर बराच वेळ घेतला. पहिला: दातेरी फिलिफॉर्मचा संबंध कीटक खाण्याशी जोडता, तो पुराव्यानं की अंदाजानं? मी सांगितलं की रचना मी दाखवली आहे, काम काय ते अनुमान आहे, आणि प्रबंधात ते तसंच लिहिलं आहे. खात्री करायची तर खाताना जिभेची हालचाल टिपावी लागेल. दुसरा: अर्ध्या-अर्ध्या जिभेच्या पद्धतीत डावी-उजवी सारखी आहे हे तुम्ही गृहीत धरता. त्यासाठी काही जिभा मी न चिरता अख्ख्याच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात बघितल्या होत्या. ती चित्रं पुढे केली. मामा मागच्या बाकावर बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. आई शेवटपर्यंत दाराशीच उभी राहिली.

मेणाचे ब्लॉक विभागात कपाटात आहेत, क्रमांकासह. कोरड्या थंड जागी ठेवले तर ते अनेक वर्षं कापता येतात, आणि प्रत्येकात अजून बरेच काप शिल्लक आहेत. आपल्याकडच्या कीटकभक्षी वटवाघळांच्या जिभेवर काम करायचं असेल आणि तुलनेला चिचुंद्री हवी असेल, तर विभागप्रमुखांच्या नावे साधा अर्ज पुरेल. सोबत तुमच्या नीतिमत्ता समितीचं पत्र जोडा, आणि उन्हाळ्यात येणार असाल तर सकाळी सहाला या.